एका गटाचे तीन खातेदार: जुन्या मल्टिव्हॅल्यू डेटाबेसात एसक्यूएल वापरताना

पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्याने लागलेल्या काही मुलामुलींच्या वाट्याला परदेशी ग्राहकाचं एखादं जुनं काम येतं. ग्राहक घाऊक वितरक असतो, एखादं कॉलेज असतं, कधी बँक. पहिल्याच दिवशी विचारलं जातं, "एसक्यूएल येतं ना?" येत असतंच, डेटाबेसाला प्रश्न विचारायची ही भाषा सगळेच शिकलेले असतात. मग समोर एक काळी खिडकी उघडते. तिच्यात युनिव्हर्स नाहीतर युनिडेटा नावाचा एखादा मल्टिव्हॅल्यू डेटाबेस चालू असतो. सवयीने 'सिलेक्ट' लिहून एंटर मारला की डेटा दिसतच नाही. एवढीच ओळ येते: इतकी रेकॉर्डं निवडली, निवड यादी क्रमांक ०.

डेटा कुठे गेला? कुठेही गेलेला नाही. 'सिलेक्ट' या शब्दाला इथे दोन अर्थ आहेत आणि आपण एक समजून दुसरा वापरला. या घरात दोन भाषा बोलल्या जातात. एक घरची, जुनी. दुसरी एसक्यूएल, बाहेरून आलेली. माझी बरीच वर्षं अशा कामांत गेली आणि नव्या लोकांना सर्वांत जास्त अडखळताना मी पाहिलं ते इथेच, दोन भाषांच्या उंबरठ्यावर. कुठली भाषा शिकू, असं ते विचारतात. दोन्ही शिकायच्या. कधी कुठली वापरायची हे कळलं की बरंचसं काम सोपं होतं.

मल्टिव्हॅल्यू म्हणजे काय? सातबारा डोळ्यांसमोर आणा

सातबाऱ्याचा उतारा आठवा. गट क्रमांक एक. पण खातेदारांच्या रकान्यात एकाखाली एक तीन नावं, शेजारच्या रकान्यात त्याच क्रमाने तिघांची क्षेत्रं. खाली, गाव नमुना बारामध्ये, त्याच गटातली पिकं: ऊस, सोयाबीन, हरभरा, ज्वारी. पिकं चार आहेत आणि खातेदार तीन. एका कागदावर असले तरी या दोन वेगळ्या याद्या आहेत.

मल्टिव्हॅल्यू डेटाबेसातलं एक रेकॉर्ड अगदी असंच असतं. महाराष्ट्राचे सातबारे अशा डेटाबेसात ठेवलेत असं मी म्हणत नाही. उदाहरण म्हणून मात्र याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

आपण कॉलेजात जे शिकतो, त्या रिलेशनल पद्धतीत एका खान्यात एकच गोष्ट ठेवायची असते. तीन खातेदार असतील तर खातेदारांचं वेगळं टेबल, पिकांचं आणखी वेगळं. मल्टिव्हॅल्यूमध्ये एका रकान्यात हव्या तितक्या किमती (व्हॅल्यू या अर्थाने, पैशांच्या नव्हेत) राहू शकतात, आणि त्यातल्या एकेका किमतीच्या पोटात आणखी उपकिमतीही. मल्टिव्हॅल्यू म्हणतात ते यामुळेच.

आतून हे फार साधं आहे. अख्खं रेकॉर्ड म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. रकाना संपला की २५४ क्रमांकाचं अक्षर येतं, एका रकान्यातली एक किंमत संपली की २५३ क्रमांकाचं, उपकिमतीनंतर २५२. नाव किती लांब असावं याची मर्यादा नाही, किती नावं असावीत याचीही नाही. चौथा वारस लागला तर आणखी एक खूण आणि आणखी एक नाव, बस्स.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. दुसऱ्या नावाचं क्षेत्र म्हणजे शेजारच्या रकान्यातली दुसरी किंमत. ही सांगड फक्त क्रमाने टिकते. मधल्या खातेदाराचं क्षेत्र माहीत नसेल तर त्याची जागा रिकामी ठेवावी लागते. ती कुणी गाळली, तर तिसऱ्याचं क्षेत्र दुसऱ्याच्या नावावर जातं.

हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांपासून

हे आलं कुठून? १९६५ साली अमेरिकेतल्या टीआरडब्ल्यू या कंपनीत डॉन नेल्सन आणि डिक पिक यांनी लष्करासाठी एक प्रणाली लिहिली. शायेन नावाच्या हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा होता, आणि यंत्र होतं आयबीएमचं सिस्टीम ३६०. एका मोठ्या भागात अनेक छोटे भाग, एकेका भागाचे अनेक पुरवठादार. यादीच्या आत यादी ही त्या कामाची गरजच होती.

एडगर कॉड यांचा रिलेशनल पद्धत मांडणारा गाजलेला निबंध १९७० चा. म्हणजे मल्टिव्हॅल्यूवाल्यांनी नियम मोडले असं म्हणता येणार नाही. ते नियम तेव्हा लिहिलेच गेले नव्हते. १९७३ मध्ये मायक्रोडेटा कंपनीने ही प्रणाली 'रिॲलिटी' या नावाने बाजारात आणली. पुढे पिक यांच्या आडनावावरून हे सारं घराणंच 'पिक' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. युनिव्हर्स, युनिडेटा, जेबेस, डी३ ही त्याच घराण्यातली भावंडं. युनिव्हर्स आणि युनिडेटा २००१ मध्ये आयबीएमकडे गेली आणि २००९ पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहेत. अमेरिकी कॉलेजांत वापरली जाणारी 'कलीग' ही प्रणाली युनिडेटावर वाढली. बँकांसाठीची टेमेनॉसची टी२४ जेबेसवर. त्यामुळे 'जुनं' म्हणजे बंद पडलेलं असं समजू नका. आज सकाळी कुठेतरी कुणाची फी यात जमा झालेली आहे.

पुढची उदाहरणं मी मुख्यतः युनिव्हर्सची देतो, कारण तिथे दोन्ही भाषा एकाच खिडकीत शेजारी शेजारी चालतात. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायच्या असतात. इथे वाचायला सोयीचं म्हणून देवनागरीत लिहितो.

चप्पल स्टँडचा हिशोब

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर टोकन क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहून मावशी थेट त्या रांगेकडे जातात. दहा रांगा, दहा आकडे. मल्टिव्हॅल्यू फाईल साधारण अशीच रचलेली असते. रेकॉर्डच्या आयडीवर एक गणित करून ते कुठल्या रांगेत ठेवायचं हे ठरतं आणि शोधतानाही तेच गणित केलं जातं. याला हॅशिंग म्हणतात. आयडी माहीत असेल तर फाईल कितीही मोठी असो, रेकॉर्ड लगेच हातात येतं. आयडी माहीत नसेल, 'लाल पट्ट्याची चप्पल द्या' एवढंच सांगितलं, तर सगळ्या रांगा पाहाव्या लागतात. ते टाळायचं तर त्या रकान्यावर वेगळा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, बांधावा लागतो. वेग हवा असेल तर हा नियम दोन्ही भाषांना सारखाच लागू आहे. एसक्यूएल लिहिल्याने फाईलीची रचना बदलत नाही.

डिक्शनरी: सगळी गंमत इथे आहे

प्रत्येक डेटा फाईलीसोबत एक जोडफाईल असते, डिक्शनरी. डेटा फाईलीत फक्त किमती असतात. कुठल्या रकान्याला काय म्हणायचं, तो कसा दाखवायचा, हे डिक्शनरी सांगते. युनिव्हर्समध्ये एका रकान्याच्या साध्या नोंदीत आठ ओळी असतात. पहिल्या ओळीत नोंदीचा प्रकार, दुसऱ्या ओळीत रकान्याचा क्रमांक, तिसऱ्या ओळीत रूपांतर, मग मथळा आणि रुंदी. सहावी ओळ सांगते की इथे किंमत एक की अनेक. सातवी ओळ सांगते की हा रकाना कुठल्या जोडीदारांबरोबर चालतो. आठवी ओळ एसक्यूएलसाठी, डेटाचा प्रकार सांगणारी.

सातव्या ओळीतल्या या जोडीला असोसिएशन म्हणतात. खातेदाराचं नाव आणि त्याचं क्षेत्र एका असोसिएशनमध्ये. पीक आणि पिकाखालचं क्षेत्र दुसऱ्या.

रूपांतराची ओळही महत्त्वाची. तारीख आत साधा आकडा म्हणून साठवतात: ३१ डिसेंबर १९६७ हा शून्य दिवस, तिथून किती दिवस झाले ते मोजायचं. १०००० म्हणजे १८ मे १९९५. २०००० म्हणजे ३ ऑक्टोबर २०२२. पैसेही दशांश चिन्हाशिवाय ठेवतात. १२५०५० वाचताना तिसरी ओळ सांगते की दोन घरं डावीकडे टिंब द्या, म्हणजे १२५०.५०. ही ओळ चुकली, तर डेटा अगदी बरोबर असूनही रिपोर्ट शंभर पटीने चुकतो.

एकाच रकान्याच्या दोन-तीन नोंदीही डिक्शनरीत असू शकतात. एक तारीख पूर्ण दाखवणारी, दुसरी फक्त महिना, तिसरी तोच आकडा कच्चा दाखवणारी. काही नोंदींमागे रकानाच नसतो, तिथे सूत्र असतं: या ग्राहकाचा आयडी घे, ग्राहकांच्या फाईलीत जा, नाव घेऊन ये. यांना आय-टाइप म्हणतात. तीस-चाळीस वर्षांत कंपनीने ठरवलेले कितीतरी नियम या सूत्रांत साठलेले असतात, आणि ते एसक्यूएललाही साध्या रकान्यासारखे दिसतात. ही केवढी मोठी देणगी आहे हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

घरची भाषा असो की एसक्यूएल, दोघी डेटाकडे डिक्शनरीच्याच चष्म्यातून पाहतात. म्हणून "एसक्यूएल चुकीचं उत्तर देतंय" असं कुणी म्हणालं की मी क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, नंतर वाचतो. आधी डिक्शनरी उघडतो.

घरची भाषा कशी वाटते

मायक्रोडेटाने आपल्या क्वेरी भाषेचं नावच 'इंग्लिश' ठेवलं होतं. युनिव्हर्समध्ये तिला रिट्रीव्ह म्हणतात, युनिडेटात युनिक्वेरी, जेबेसमध्ये जेक्यूएल. बोलीभाषेतल्या फरकाएवढाच फरक. आज्ञा अशी दिसते:

लिस्ट सातबारा विथ पीक = "ऊस" बाय गाव गाव खातेदार क्षेत्र

म्हणजे ऊस असलेले गट गावानुसार लाव आणि गाव, खातेदार, क्षेत्र दाखव. स्वल्पविराम नाहीत, कंस नाहीत. पानावर सरळ छापता येईल असा रिपोर्ट येतो. एका गटाखाली तीन नावं, एकाखाली एक, अगदी उताऱ्यासारखी. 'सिलेक्ट' लिहिलं तर दाखवत काहीच नाही, जुळणाऱ्या रेकॉर्डांच्या आयडींची यादी करून हातात ठेवते. पुढची आज्ञा त्या यादीवर चालते. यादी साठवता येते, दोन याद्यांची बेरीज-वजाबाकी करता येते, एखाद्या प्रोग्रॅमला देता येते. 'थकबाकीदार' आणि 'मागच्या महिन्यात माल नेलेले' अशा दोन याद्यांतली सामाईक नावं काढायची, आणि तेवढ्यांवरच दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवायचा, या कामात तिच्या तोडीचं मला काही माहीत नाही.

मग एसक्यूएलची गरज का पडली?

१९९० च्या दशकात एसक्यूएल सगळीकडची बाजारभाषा झाली होती. रिपोर्ट काढणारी साधनं ओडीबीसी नावाच्या दुव्यातून एसक्यूएलच बोलत. युनिव्हर्सने त्या दशकात आपल्या आतच एसक्यूएल आणलं. खिडकी तीच, फाईल तीच, डिक्शनरी तीच. एसक्यूएल वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा, एवढी खूण. तो नसला की 'सिलेक्ट' घरच्या भाषेतलं धरलं जातं. सुरुवातीच्या त्या मुलामुलींचा गोंधळ अर्धविरामापाशी होतो तो असा.

बाहेरच्या साधनांपुढे मात्र एक पेच असतो. एक्सेल किंवा पॉवर बीआयला एका खान्यात तीन नावं चालत नाहीत. त्यांना सपाट टेबल हवं. म्हणून युनिव्हर्स एकाच फाईलीची अनेक टेबलं असल्याचं दाखवतं: मूळ 'सातबारा', आणि प्रत्येक असोसिएशनसाठी एकेक उपटेबल, 'सातबारा_खातेदार', 'सातबारा_पिके'. खरं काही तुटत नाही. मागितल्या क्षणी उलगडून दाखवलं जातं. सातवी ओळ भरलेली नसेल तर उपटेबल कसलं दाखवणार? म्हणून कितीतरी ठिकाणी हा दुवा 'चालत नाही' असं सांगितलं जातं आणि दोष मात्र डिक्शनरीच्या रिकाम्या ओळीचा असतो.

खिडकीतल्या खिडकीत उलगडायचं असेल तर 'अननेस्ट' हा शब्द आहे:

सिलेक्ट गट, खातेदार, क्षेत्र फ्रॉम अननेस्ट सातबारा ऑन खातेदार;

आता एका गटाच्या तीन ओळी येतील, प्रत्येकीत एक खातेदार.

एसक्यूएलचा खरा फायदा अनेक फाईली जोडताना कळतो. कुठल्या ग्राहकाने वर्षभरात एकही ऑर्डर दिली नाही? विभागवार, महिन्यावार बेरीज, तीही दुसऱ्या क्वेरीत वापरता येईल अशा टेबलाच्या रूपात? घरच्या भाषेतही उपबेरजा मिळतात, पण त्या कागदावर छापलेल्या असतात, पुढच्या क्वेरीला उचलता येत नाहीत. अशा प्रश्नांना मी सरळ एसक्यूएल लावतो.

गावाचं क्षेत्र तिप्पट कसं होतं

गटाचं एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर. खातेदारांची क्षेत्रं ८० आर, १ हेक्टर आणि ६० आर. एकूण क्षेत्र हा वेगळा रकाना, त्यात किंमत एकच. आता वरच्या क्वेरीत तोही मागितला तर काय होईल? तीन ओळी, प्रत्येकीत २.४० लिहिलेलं. ती बेरीज केली की ७.२०. कागदावर गाव वाढलं, शिवार तेवढंच.

एका वितरण व्यवसायाच्या कामावर माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं. ऑर्डरवर वाहतूक खर्च एकदाच लागायचा, माल मात्र अनेक ओळींत. मी ओळी उलगडल्या आणि वाहतूक खर्चाचीही बेरीज घेतली. ५०० चा खर्च चार ओळींच्या ऑर्डरवर २००० झाला. रिपोर्ट दिसायला सुंदर होता, कुणी शंका घेतली नाही. त्यांच्या जमाखर्च विभागातल्या एका बाईंनी काळ्या खिडकीत जुनी 'लिस्ट' आज्ञा चालवून बेरीज ताडून पाहिली, तेव्हा फरक उघड झाला. घरची भाषा एका रेकॉर्डमधली एकेरी किंमत एकदाच मोजते. त्या दिवसापासून उलगडलेल्या क्वेरीत एकेरी रकान्याची बेरीज दिसली की मी थांबतो. ती बेरीज मूळ टेबलावर वेगळी काढायची आणि मग जोडायची.

याचाच थोरला भाऊ म्हणजे दोन असोसिएशन एकदम उलगडणं. खातेदारांचं उपटेबल आणि पिकांचं उपटेबल गट क्रमांकावर जोडलं, की तीन गुणिले चार, बारा ओळी. प्रत्येक खातेदारासमोर प्रत्येक पीक. उसाचं क्षेत्र तीनदा मोजलं जाईल, आणि प्रत्येक खातेदाराचं क्षेत्र चारदा. त्यातून असाही अर्थ निघेल की पहिला खातेदार हरभराही घेतो आणि ज्वारीही, जे उताऱ्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

उलटी चूकही होते

तर मग घरचीच भाषा भरवशाची, असं म्हणून मोकळं होता येत नाही. वर लिहिलेली आज्ञा पुन्हा पाहा: 'विथ पीक = "ऊस"'. तिचा अर्थ 'ज्या गटात कुठेतरी ऊस आहे तो गट'. आज्ञेत पीकही दाखवायला सांगितलं, तर गट सापडला की त्यातली सगळी पिकं छापली जातात, सोयाबीनसकट. शेवटी पिकाखालच्या क्षेत्राची बेरीज मागितली तर त्यात सोयाबीन, हरभरा, ज्वारी सगळं येतं आणि वर मथळा 'ऊस'. ही चूक मी अनुभवी लोकांच्या रिपोर्टांतही पाहिली आहे, वर्षानुवर्षं चालत आलेली.

त्यावर घरच्या भाषेत उपाय आहे: 'व्हेन पीक = "ऊस"' हे जोडायचं. 'विथ' गट निवडतं, 'व्हेन' त्या गटाच्या आतल्या ओळी निवडतं. पण ज्याच्या डोक्यात हा फरक पक्का बसलेला नाही त्याच्यासाठी एसक्यूएल इथे जास्त सुरक्षित आहे. पिकं उलगडा, 'व्हेअर पीक = ऊस' म्हणा, पिकाखालचं क्षेत्र मिळवा. उत्तर बरोबर येतं, कारण इथे बेरीज त्याच रकान्याची आहे जो उलगडला आहे.

म्हणून महत्त्वाचा आकडा दोन्ही भाषांत काढून पाहायची सवय मी सगळ्यांना लावतो. दोघी एकाच ठिकाणी सहसा चुकत नाहीत. आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा याच दोन खड्ड्यांपैकी एक असतो.

रिकामं, नल आणि कचरा

एसक्यूएलमध्ये 'माहीत नाही' यासाठी नल असतं. जुन्या मल्टिव्हॅल्यू फाईलींत बहुतेक ठिकाणी नुसती रिकामी जागा असते. 'इज नल' विचारून शून्य रेकॉर्डं आली म्हणजे सगळी माहिती भरलेली आहे, असं समजू नका. रिकाम्या अक्षरमालेशी तुलना करून पाहा. बाहेरच्या साधनांना रिकामं हे नल म्हणून दाखवायची सोय युनिव्हर्सच्या डिक्शनरीत करता येते.

कचऱ्याचं दुखणं मोठं आहे. मल्टिव्हॅल्यू फाईल कुठलाही मजकूर नाकारत नाही. संख्येच्या रकान्यात कुणीतरी १९९८ मध्ये 'रद्द' असं लिहून ठेवलेलं असतं. 'लिस्ट' ते निमूटपणे छापते. ओडीबीसीच्या पलीकडचं साधन मात्र संख्या येणार म्हणून तयार असतं आणि तीस हजाराव्या ओळीवर कोसळतं. डिक्शनरीत रुंदी दहा लिहिलेली आणि नाव चाळीस अक्षरांचं, ही दुसरी नेहमीची तक्रार. काही फाईलींत तर दोन प्रकारची रेकॉर्डं एकत्र राहतात: हजारो ऑर्डरी आणि कोपऱ्यात 'पुढचा क्रमांक' साठवणारं एक रेकॉर्ड.

असा कचरा शोधायला घरच्या भाषेसारखं झाडू नाही. ज्या रेकॉर्डांत हा रकाना फक्त अंकांचा नाही ती निवड, यादी साठव, एकेक रेकॉर्ड 'सीटी' आज्ञेने कच्चं उघडून पाहा. पाच मिनिटांत कळतं की दुखणं तीन रेकॉर्डांचं आहे की तीन हजारांचं. कुठलीही नवी फाईल बाहेरच्या रिपोर्टला जोडण्याआधी हे मी करतोच: आधी 'लिस्ट डिक्ट' म्हणून डिक्शनरी वाचायची, मग चार-पाच रेकॉर्डं कच्ची पाहायची, मग कचरा मोजायचा. एसक्यूएल त्यानंतर.

"एसक्यूएलनेच डेटा बदलला तर काय बिघडलं?"

तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. 'अपडेट' चालतं, 'इन्सर्ट' चालतं. तरीही माझं मत ठाम आहे: जुन्या प्रणालीत एसक्यूएलला वाचायची परवानगी द्या, लिहायची देऊ नका.

कारण त्या प्रणालीचे नियम डेटाबेसात नसतात, बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमांत असतात. ऑर्डर रद्द केली की साठा परत वाढवायचा, ग्राहकाची उधारी कमी करायची, तिसऱ्या फाईलीत नोंद घालायची, हे सगळं एका प्रोग्रॅमच्या आत लिहिलेलं आहे. बाहेरून एका ओळीत ऑर्डरची स्थिती 'रद्द' केली तर यातलं काहीच घडत नाही. तलाठ्याने फेरफार नोंदवल्याशिवाय सातबाऱ्यावरचं नाव खोडण्यासारखं आहे हे. युनिव्हर्समध्ये ट्रिगर, म्हणजे डेटा बदलताच आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लावता येतात हे खरं, पण तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रणालीत ते लावलेले असतील असं धरून चालू नये. बदल करायचाच असेल तर एसक्यूएलने शोधा, आयडींची यादी करा, आणि ती यादी त्या जुन्या प्रोग्रॅमच्या हवाली करा.

"मग सगळं साध्या रिलेशनल डेटाबेसात का नेत नाही?"

नेतात, काही जण. नेण्याजोगं असेल तर न्यावंही. मात्र 'मल्टिव्हॅल्यू म्हणजे मागासलेली कल्पना' हे कारण मला पटत नाही. रेकॉर्डच्या पोटात यादी ठेवण्याची गरज कधी संपलीच नव्हती. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत ॲरे आले, २००३ च्या आवृत्तीत मल्टिसेट; दोन्ही म्हणजे एका खान्यात अनेक किमती ठेवायची सोय. मोंगोडीबीसारखे डेटाबेस तर यादीच्या आत यादी हाच पाया धरून उभे राहिले. पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसात 'अननेस्ट' याच नावाचं फंक्शन आहे. युनिव्हर्सवर ज्याने वाहतूक खर्चाची बेरीज चौपट होताना पाहिली आहे, त्याला जेसन (यादीच्या आत यादी लिहायची आजची पद्धत) उलगडताना तोच खड्डा दुरून दिसतो.

खरी अडचण माणसांची आहे. ही घरची भाषा जाणणारे लोक निवृत्त होत आहेत आणि नव्यांना ती शिकवायला वेळ दिला जात नाही. त्यांना सांगितलं जातं, एसक्यूएलवर भागव. त्याने रिपोर्ट निघतात, पण ते बरोबर आहेत की नाहीत हे सांगणारं कुणी उरत नाही.

आणि स्थलांतर करायचं ठरलं तरी पहिला प्रश्न हाच येतो की या एका फाईलीची किती टेबलं होणार. सातबाऱ्याची तीन: गट, खातेदार, पिकं. ऑर्डरची कदाचित पाच. ते उत्तर डिक्शनरीच्या सहाव्या आणि सातव्या ओळींत लिहिलेलं असतं. त्या रिकाम्या असतील, तर स्थलांतराच्या बैठका भरवण्याआधी त्या भरायला घ्या. जुनी माणसं अजून कामावर आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून, एकेक रकाना विचारत.